रेकॉर्डवरची साय

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो, आणि पोहोचताच नशीब उघडलं! कामगारांच्या सभेत बोलायला बोलावलेल्या वक्त्याची सोय कशी होते, हे मला पाठ आहे. युनियनच्या ऑफिसातला बाक, उशाला जुन्या पत्रकांचा गठ्ठा आणि कडी तुटलेला संडास. या वेळी मात्र सेक्रेटरींनी मला स्टेशनवरून थेट कारखान्याच्या दिवंगत डॉक्टरांच्या घरी आणून सोडलं. दुमजली घर, रुंद जिना, वरच्या मजल्यावर माझी स्वच्छ खोली. पण ती खोली मी बऱ्याच उशिरा पाहिली. खालच्या दिवाणखान्याच्या तीन भिंती जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डींनी भरलेल्या होत्या, आणि मी बॅग हातात धरून, बाजारात हरवलेल्या पोरासारखा तिथेच उभा राहिलो.

डॉक्टरीणबाई सत्तरीच्या असाव्यात. नीटनेटक्या, मऊ हातांच्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला यातलं कळतं म्हणे? मी म्हटलं, बाई, माझं लग्न राहिलं ते ह्यांच्याच पायी. घरात दुसऱ्या माणसाला जागाच उरली नाही. त्या हसल्या. तोंड उघडलं, खांदे हलले, आवाज मात्र आला नाही. मोठ्या घरची माणसं अशी हसत असतील. मी हसलो की शेजारचं पोर दचकून उठतं.

आमचा सौदा झटपट ठरला. हा संग्रह त्यांना कामगार सभागृहाला द्यायचाय. त्याआधी तो कुणीतरी जाणकाराने निवडून, धुऊन द्यावा. मोबदला म्हणून त्यातली हवी ती जॅझ माझी. सोळा तारखेला सभा आहे. तोवर सकाळी भाषणाची तयारी, दुपारी रेकॉर्डी. याहून सुख ते काय!

एकच दुःख. भिंतींवरचा बहुतेक माल जॅझ नाहीच. गेल्या शतकाच्या मध्यावर ज्याचा पूर आला होता, दुकानदार ज्याला ईझी लिसनिंग म्हणतात आणि मी कानातलं साखरपाणी म्हणतो, ते सगळं. कव्हरवर सोफा, सोफ्यावर बाई, बाईच्या हातात पेला. आणि नावं काय, तर जेवताना ऐकण्यासाठी, वाचताना ऐकण्यासाठी, काम करताना ऐकण्यासाठी. म्हणजे ऐकू नये यासाठीच केलेलं संगीत! एक लावून पाहिली. चाळीस व्हायोलिनं एकदम अंगावर लाळ गाळत आली. मी सुई उचलली आणि उगाचच हात धुऊन आलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कारखाना पाहिला. गंमत अशी की भिंतींवरचं ते साखरपाणी एकेकाळी इथेच, याच यंत्रांवर छापलं जायचं. आता त्याच यंत्रांतून प्लास्टिकची झाकणं पडतात. प्रत्येक दाबाबरोबर पिवळट वाफ निघते आणि ती जायला वाट नाही. छताला पंख्यांसाठी भोकं पाडून ठेवलीत. त्या भोकांत कबुतरं राहतात. पंखे कधी आलेच नाहीत. मी अर्धा तास उभा राहिलो तर घशात सळई फिरल्यासारखं झालं. हे लोक तिथे पाळीभर उभे असतात.

पण कुणी खोकत नव्हतं. कर्ण्यांतून दिवसभर तीच व्हायोलिनं चालू होती, आणि त्यांच्याखाली सगळे पुटपुटल्यासारखं, गुळगुळीत बोलत होते. ही रेकॉर्डींची निवड डॉक्टरांची, असं सेक्रेटरींनी सांगितलं. सेक्रेटरीसुद्धा तसेच बोलतात. संपाचा ठराव मांडणारा माणूस असा बोलतो, जणू पाळण्यातल्या बाळाला थोपटतोय.

अपवाद एकच. पॅकिंगमधली एक बाई, जिला सगळे भोंगा म्हणतात. ती लग्न होऊन या वर्षीच गावात आलीय. मला पाहताच तिने पार त्या टोकावरून हाक मारली, भाऊ, आलात का, इथे मी एकटीच कोंबड्यासारखी आरवतेय! आजूबाजूचे चार जण कानांवर हात ठेवून बाजूला सरकले. मला बोलावण्याचं पत्र सेक्रेटरींना तिनेच लिहायला लावलं होतं. तिचा नवरा यंत्रावर होता. गेल्या पावसाआधी जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसला आणि उठलाच नाही. फुप्फुसं आतून चाळणी झाली होती म्हणे. ती म्हणाली, भाऊ, एक दिवस खोकला असता तरी मी त्याला ओढून बाहेर काढलं असतं हो, पण मेला खोकलाच नाही कधी!

सोळा तारखेला मी हे सभागृह पेटवणार आहे. पंखे बसेपर्यंत एकही यंत्र चालणार नाही. माझ्याजवळ दुसरं काही नाही. घर नाही, पद नाही. आवाज आहे. त्याच्या जोरावर मी गिरण्या थांबवल्यात, हा कारखानाही थांबेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस रेकॉर्डी धुतोय. आम्हा संग्राहकांची एक रीत आहे. बाहेरच्याला सांगितली तर तो वेड्यात काढील. रेकॉर्डवर सुताराचा पांढरा गोंद ओतायचा, पत्त्याच्या तुकड्याने एकसारखा पसरायचा आणि वाळू द्यायचा. कडेला दोऱ्याची एक शेपटी त्यात रुतवून ठेवायची. वाळला की गोंद काचेसारखा होतो. मग शेपटी धरून अलगद सोलायचा. चऱ्यांमध्ये साठलेली धूळ, विड्यांचा धूर, कुणाच्या बोटांचं तेल, सगळं त्या सालीबरोबर निघून येतं. साल न फाटता एकसंध निघाली तर जो आनंद होतो, तो शपथेवर सांगतो, भाषणाला टाळ्या मिळूनही होत नाही. शेपटी दिसली की आमची बोटं आपोआप तिकडे जातात.

आज खजिना सापडला. एका कळकट क्लबात, लोक जेवत-पीत असताना ध्वनिमुद्रित केलेली जॅझ. कंपनी कधीच बुडालेली. मी हिच्याबद्दल फक्त वाचलं होतं. तिसऱ्या तुकड्यात ट्रम्पेटवाला एका स्वरावर असा चिरकतो की मागे कुणाच्या तरी हातातला ग्लास पडून फुटतो, आणि कुणीतरी अस्सल शिवी हासडतो. मी तो तुकडा पुन्हापुन्हा लावला. जॅझ म्हणजे भर सभेतलं भांडण! ट्रम्पेट एक म्हणतो, सॅक्सोफोन त्याला मध्येच तोडतो, ड्रमवाला दोघांनाही दटावतो, आणि तरी सभा उधळत नाही. उलट प्रत्येकाला आपलं म्हणणं जास्तच नेमकं सापडतं.

आणि ते दुसरं? तीच चाल घ्यायची, तिची हाडं काढायची आणि उरलेला मऊ लगदा चांदीच्या ताटात वाढायचा. सर्वांत किळसवाणी गोष्ट ही की वाजवणारे पुष्कळदा तेच असत. पोटासाठी दिवसा साखरपाणी, संध्याकाळी जॅझ. कान देऊन ऐकलं तर व्हायोलिनांच्या आड एखादी क्लॅरिनेट दोन मात्रा चिडते. लगेच तिला कुणीतरी गप्प करतं. एखाद्याच्या तोंडावर उशी दाबताना ऐकावं तसं वाटतं ते. हे छापणाऱ्यांना लाज नव्हती, विकणाऱ्यांना नव्हती. ऐकणाऱ्यांना तरी होती का?

घसा कालपासून खवखवतोय. कारखान्याची वाफ.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रिकाम्या सभागृहात पूर्ण ताकदीने भाषण म्हणून पाहिलं आणि घसा पार फाटला. थुंकीत रक्ताची रेघ. मी घाबरलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी बसवलं, लांब दांडीचा कुंचला काढला आणि म्हणाल्या, आ करा बघू. डॉक्टरांनीच शोधलेला लेप. गावातल्या प्रत्येक गळ्याला त्यांनी तो लावलाय. थंड, गोडसर, बुळबुळीत. मला ओकारी येत होती. त्या एका हाताने माझी हनुवटी धरून, लहान मुलाला समजवावं तसं, झालं हं झालं हं म्हणत होत्या. पण पाच मिनिटांत घसा असा शांत झाला की मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले.

माझा गोंदाचा डबा संपला. दुकान सोमवारपर्यंत बंद. बाई म्हणाल्या, आमचे हेही घरी गोंद करायचे. मागच्या खोलीतून त्यांनी पांढरी बरणी आणून दिली. आधी एका साखरपाण्याच्या रेकॉर्डवर करून पाहिलं. तासाभरात वाळला! आणि साल? हाताला कोमट लागली. दुधावरची साय बोटाने उचलावी तशी जाड, ओलसर, सुरकुतणारी. उजेडात धरली तर तिच्यावर बारीक छिद्रांची नक्षी. एका जागी लव. माझ्या हातून ती गळून पडली. पण रेकॉर्ड मात्र नव्यासारखी लखलखीत. मी खूप गोंद पाहिलेत, असला नाही.

मग माझ्या खजिन्यावरही ओतला. लोभ, दुसरं काय.

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या हातून काय झालंय ते लिहायलाच हवं.

सकाळी सोलली. एकसंध निघाली. रेकॉर्ड लावली. तिसरा तुकडा. ट्रम्पेट त्या स्वराकडे चढला आणि — चिरकलाच नाही. गोल, मऊ, तुपकट होऊन खाली आला. ग्लास फुटला नाही. शिवी नाही. शिवीच्या जागी लोक हलकेच टाळ्या वाजवताहेत. आणि मागे व्हायोलिनं! त्या क्लबात व्हायोलिनं नव्हती. तिथे व्हायोलिन घेऊन कुणी शिरला असता तर त्याला बाहेर फेकलं असतं. चार वेळा लावली. चारही वेळा व्हायोलिनं.

साल टेबलावर पडली होती. खिडकी बंद, तरी ती थरथरत होती.

मी गरजलो. घर दणाणलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी त्यांना विचारलं, या बरणीत काय आहे? त्या कानांवर हात ठेवून उभ्या होत्या, चेहरा असा की कुणी त्यांना मारतंय. मी थांबलो. मग त्या वाकल्या, साल दोन्ही हातांवर घेतली आणि नवजात बाळ न्यावं तशी मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या सालीला लेपाचाच वास होता, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दात घासताना आरशात दिसलं. जिभेच्या मुळाशी, घशाच्या तोंडावर, पांढरट पापुद्रा. आणि त्याचं एक टोक सुटलेलं. शेपटीसारखं.

मी विचार केला नाही. दुसरा कुणी डॉक्टरकडे धावला असता, पाणी प्याला असता, ओरडला असता. माझी बोटं आपोआप आत गेली, टोक धरलं आणि सावकाश, एकसारखी ओढ देत, सोलायला लागली. दुखलं नाही. आत खोल कुठेतरी, छातीच्याही खाली, काहीतरी सुटत गेलं. उलटलेल्या मोज्यासारखं लांबलचक, कोमट, गुलाबी झाक असलेलं काहीतरी बेसिनमध्ये पडलं. कुठेही न फाटलेलं. आणि मला क्षणभर — किळस येते हे लिहायला — अभिमान वाटला.

मग बेसिनवर वाकून ओकलो. वर पाहतो तर दारात डॉक्टरीणबाई, हातात बशी. म्हणाल्या, टाकू नका हं, मी घेते.

ताईला फोन केला. ताई माझा फोन कायम हातभर लांब धरते आणि म्हणते, हळू रे राक्षसा. आज तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं मी. ती म्हणाली, चेष्टा पुरे, माझ्या भावाला द्या. मी शपथा घेतल्या, लहानपणीच्या खुणा सांगितल्या. ती हसत म्हणाली, त्यानेच पढवलंय ना तुम्हाला? त्याला म्हणावं, याच्यासारखं बोलायला शीक, म्हणजे जग तुझं ऐकेल.

फोन ठेवल्यावर मी माझं नाव मोठ्याने उच्चारलं. कर्ण्यावरून दुपारच्या विश्रांतीची घोषणा व्हावी, तसं ते ऐकू आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भोंगाला सगळं सांगायला कारखान्यात गेलो. ती दिसेना. म्हणजे दिसत होती, पण ऐकू येत नव्हती म्हणून मला सापडली नाही. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, भाऊ, घसा बसला होता, डॉक्टरीणबाईंनी लेप लावला, आता किती बरं वाटतंय. मी तिच्या नवऱ्याचं नाव काढलं. ती म्हणाली, हो, तोही शांतच होता.

तिची छाती धापा टाकल्यासारखी उसळत होती, खोकल्याची उबळ यावी तशी. तोंड उघडं. आवाज नाही. उबळ ओसरली तशी ती पुन्हा हसली.

सेक्रेटरींकडेही आज नीट पाहिलं. त्यांचीही छाती उसळते. सगळ्यांचीच. वाफेत उभं राहून अख्खा कारखाना खोकतोय, आणि ऐकू येतात ती व्हायोलिनं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भर दुपारी, बाई झोपल्या असताना, मागची खोली उघडली.

दोऱ्यांवर साली टांगल्यात. गोल आहेत त्या रेकॉर्डींच्या. लांब, मोज्यासारख्या आहेत त्या — कळलं. लहान मुलांच्या बोटाएवढ्याही आहेत. काही नव्या, ओल्या. काही जुन्या, पिवळ्या, कडेला कुरतडलेल्या. हवा नाही, तरी सगळ्या थरथरताहेत. एक कानाशी धरली. खोकला. दुसरी धरली. कुणीतरी बाई फोरमनला शिव्या घालतेय. तिसरीत एक पोर रडतंय, थांबतच नाही. एका गोल सालीत माझा ट्रम्पेट चिरकला आणि ग्लास फुटला.

मागे बाई उभ्या. जराही दचकल्या नाहीत. सांगत बसल्या, डॉक्टरांना माणसांचा खोकला सहनच व्हायचा नाही, फार हळवे होते हो. पंखे यायला वर्षं लागतात, लेपाला कितीसा वेळ लागतो? आणि फुकट काही जात नाही. मंगळवारी या सगळ्या वितळवायच्या आणि नव्या बरण्या भरायच्या. गोंदही या सालींचाच, लेपही सालींचाच.

म्हणजे माझ्या घशाला जे लावलं ते —

मी त्यांना खुनी म्हटलं. माझ्याजवळ होता नव्हता तेवढा संताप त्या शब्दात ओतला. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, पुन्हा म्हणा ना. किती गोड म्हणता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्टेशनवर गेलो आणि परत आलो. पळून गेलो तर उद्या बोलणार कोण? शब्द तर माझेच आहेत. शब्दांत धार असेल तर आवाज गोड असला म्हणून काय झालं? माणसं अर्थ ऐकतात. ऐकतातच. ऐकलाच पाहिजे.

लेखणी अजून माझी आहे. ही वही मी मोठ्याने वाचून पाहत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सभागृह भरलं होतं. मी उभा राहिलो. म्हटलं, तुम्हाला मारताहेत. म्हटलं, तुमच्या फुप्फुसांची चाळणी होतेय आणि तुमचा खोकलासुद्धा चोरलाय. म्हटलं, उठा!

त्यांनी डोळे मिटले. डुलायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाची लाळ ओघळली. बायकांनी मुलांची डोकी मांडीवर घेतली. मी टेबलावर मूठ आपटली. ती तेवढी वाजली, आणि दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या.

तासभर बोललो. माझा प्रत्येक शब्द खरा होता. प्रत्येक शब्द मला माझ्याच तोंडातून साखरेच्या पाकासारखा ओघळताना ऐकू येत होता. अंगाला चिकटत होता. मला माझी शिसारी आली.

संपाचा ठराव पडला. एकही हात वर नाही. भोंगाचाही नाही. सेक्रेटरी म्हणाले, फार छान वाटलं, अशी भाषणं कामाच्या वेळी कर्ण्यावरून लावता आली तर पाहू. मंगळवारी सकाळी पाळी बदलताना गेटवर नवा ठराव वाचून सह्या होतील. पंखे नकोत, असा ठराव. मग संपलं.

मंगळवारी सकाळी. म्हणजे अजून वेळ आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझी साल परत घ्यायची. जशी निघाली तशी आत जाईल. जायलाच हवी.

मागच्या खोलीत दोऱ्या रिकाम्या. बाईंनी सगळ्या साली उतरवून घमेल्यात भिजत घातल्यात. उद्या चुलीवर. त्या एकमेकींना चिकटून एकच गोळा झालाय. फुगलाय. हात घातला तर मनगटाला धरतो. आतून शेकडो आवाज, एकात एक गुंतलेले. माझा कुठला? सोडवायला गेलो तर फाटतात. फाटली की आतला आवाज किंचाळतो आणि विरतो. एका पोराचं रडणं असंच माझ्या बोटांत मेलं.

हात आवरला. आता एकही फाडणार नाही.

घमेलं उचललं. वर माझ्या खोलीत. कडी लावली. दाराला कपाट.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाई दाराशी. गोड हाका. अहो, उघडा ना. ते तसं नसतं करायचं.

खिडकीतून गेट दिसतंय. माणसं जमताहेत. सेक्रेटरींच्या हातात कागद. भोंगा रांगेत पहिली. छाती उसळतेय तिची.

माझा वेगळा काढता येत नाही. मग सगळेच. आयुष्यभर ओरडून सांगत आलो की मी तुमच्या वतीने बोलतो. आता —

पहिला घास. कोमट. केसांसारखं काहीतरी दातांत. चावायचं नाही. गिळायचं.

वर येतंय. परत खाली ढकललं. बोटांनी.

घसा भरला. खोकला आला — खराखुरा, आवाजाचा! माझा नव्हे. कुणा म्हाताऱ्याचा.

अजून अर्धं घमेलं. पोट हलतंय. आतून कुणी ठोसे मारतंय. एक बाई शिव्या घालतेय. किती सुंदर शिव्या.

श्वास — नाकानेच. थोडा.

सेक्रेटरींनी कागद उघडला. दार तुटतंय. शेवटचा लगदा. तळाला चिकटलाय. चाटून —

जबडा मिटत नाही आता. सगळे एकदम वर येताहेत. ट्रम्पेटसुद्धा. खिडकी उघडली. भोंगाने वर पाहिलं. मी तोंड उघ